*पाऊस वरच्या शिवारात, ओढा आपल्या दारात*



सप्टेंबर २०२५ आठवा. धाराशिव जिल्ह्यात परंडा-भूम भागात पुरात अडकलेली माणसं हेलिकॉप्टरनं काढावी लागली. खाली सोलापूर जिल्ह्यात सीनेचं पाणी माढा, मोहोळच्या शिवारात पसरलं. उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या भागावर ही वेळ आली.

असं का होतं? हिशोब सोपा आहे. एक एकरावर १ मिमी पाऊस म्हणजे साधारण ४,००० लिटर पाणी. मंडळात २४ तासांत ६५ मिमीच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात. म्हणजे एकरी २ लाख ६० हजार लिटर! विजांच्या पावसात एवढं पाणी दोन-तीन तासांतही पडतं. आधीच भिजलेली काळी रान ते पीत नाही, सगळं ओढ्याला लागतं. म्हणून आपल्या डोक्यावर चांदणं असलं तरी ओढा भरून येतो.

*पाऊस दिसत असताना*
▪️ ओढ्याकाठची मोटार, स्टार्टर दिवसाउजेडी काढून ठेवा. पाणी चढायला लागलं की मोटारीसाठी उतरू नका. मोटार परत घेता येते, घरचा माणूस नाही.
▪️ जनावरं रात्री उंचावर बांधा. वेळच आली तर दावी सोडून द्या, ती पोहून निघतात. बांधलेली मरतात.
▪️ फरशी पुलावरून पाणी असेल तर गाडी घालू नका. दोन फूट पाण्यात चारचाकीही तरंगते, आणि खालची फरशी वाहून गेली असेल तर गढूळ पाण्यात दिसत नाही.

*पाणी ओसरल्यावर*
▪️ चर काढून साचलेलं पाणी बाहेर काढा. वाफसा येईपर्यंत रानात ट्रॅक्टर घालू नका.
▪️ सोयाबीनची गंज भिजली असेल तर उघडून पसरा, नाहीतर आतून तापून बुरशी येते.
▪️ साफसफाईच्या आधी फोटो काढा, तलाठ्यांना कळवा. सरकारी मदतीसाठी पिकाचं नुकसान ३३ टक्के किंवा जास्त लागतं. जनावर दगावलं तर पुरण्याआधी पशुवैद्यकीय डॉक्टरांकडून शवविच्छेदन करून घ्या.

आज एकच काम करा. ओढ्याच्या वरच्या गावातल्या एका सभासदाचा नंबर सेव्ह करा आणि आपला खालच्या गावात द्या. ओढा वाढला की मेसेज नको, थेट फोन लावा. रात्री दोन वाजले तरी लावा. खालच्या गावाला अर्धा तास मिळाला तरी माणसं आणि जनावरं वाचतात.

– आपला कृषी सल्लागार