बेट्टाच्या टाकीत शेजारी कोण?

दुकानात बेट्टा मासा इवल्याशा बरणीत दिसतो. त्यामुळे त्याला पाणी कमी लागते, असा समज पसरला आहे. बरणीत ठेवण्याचे खरे कारण वेगळे आहे: दोन नर एकत्र आले की झुंजतात.

हा थायलंडच्या भातखाचरांतला मासा. २०१९ मध्ये त्या देशाने त्याला राष्ट्रीय जलचर ठरवले. तो पृष्ठभागावर येऊन हवाही घेतो, म्हणून बरणीत तगतो. बरणीत ठेवणे मात्र क्रूरच.

शेजारी हवे असतील तर टाकी किमान ४० लिटरची, भरपूर झाडांची असावी. तळाशी वावरणाऱ्या छोट्या कोरीडोरसचा थवा, कुहली लोच किंवा गोगलगायी यांच्याशी त्याचे सहसा जमते. नर गप्पीची झुपकेदार रंगीत शेपटी पाहून तो चवताळू शकतो, आणि टायगर बार्ब तर त्याचेच पर कुरतडतात. प्रत्येक बेट्टाचा स्वभाव निराळा. जमले नाही तर हलवायला दुसरी टाकी तयार हवी.

माण तालुक्यात बोअरचे पाणी जड असेल तर गोगलगाय उत्तम, तिच्या कवचाला कॅल्शियम लागतेच. हिवाळ्यातल्या गार रात्री हीटर हवा. पाणी २५ ते २७ अंशांवर राहू द्या.

नकोसा झालेला मासा माणगंगा नदीत किंवा तलावात मुळीच सोडू नका.

काही विचारायचे असल्यास टाकी किती लिटरची आणि पाणी कुठले, तेही जरूर लिहा.