बिनतारी जाळे आणि संरचना-प्रोफाइल

महाविद्यालयाच्या वाय-फायला जोडण्यासाठी वापरकर्त्याचे नाव व पासवर्ड पुरेसे असतात, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः ८०२.१एक्स या प्रमाणकावर आधारलेल्या जाळ्यात ओळख दोन्ही बाजूंनी पटणे आवश्यक असते. विद्यार्थी पासवर्ड देतो, तर सर्व्हर प्रमाणपत्राद्वारे आपली सत्यता सिद्ध करतो. ही दुसरी तपासणी वगळल्यास त्याच नावाचे बनावट केंद्र उभारून पासवर्ड हस्तगत करणे शक्य होते.

संरचना-प्रोफाइल ही या अडचणीवरील उपाययोजना होय. जाळ्याचे नाव, कूटबद्धीकरणाचा प्रकार, प्रमाणीकरणाची पद्धत, विश्वसनीय प्रमाणपत्र व सर्व्हरचे नेमके नाव या बाबी एकाच फाइलमध्ये नोंदवलेल्या असतात. ती स्थापित केल्यावर उपकरण स्वतःच सर्व्हरची खातरजमा करते. वापरकर्त्याच्या अंदाजावर काही सोपवले जात नाही. युरोपात उदयास आलेल्या व भारतात अर्नेटमार्फत उपलब्ध असलेल्या ‘एड्युरोम’ सेवेत अशा प्रोफाइलचा वापर होतो.

तथापि, अनोळखी व्यक्तीने दिलेली प्रोफाइल उपकरणात घातक प्रमाणपत्रही बसवू शकते. म्हणून ती संस्थेच्या अधिकृत, सुरक्षित संकेतस्थळावरूनच घ्यावी. सारांश, प्रोफाइलमुळे विश्वास ठेवण्याची गरज संपत नाही. तो कोणावर ठेवायचा, हे मात्र एकदाच व विचारपूर्वक ठरवता येते.