आहारविकार : ‘मला काही झालेले नाही’ या वाक्यामागचा रोग

बहुतेक रोगांत रुग्ण स्वतःच वैद्याकडे जातो. ताप आला किंवा छातीत दुखले, की मनुष्य दुकान नोकरावर सोपवून दवाखान्याची वाट धरतो. आहारविकारांची गोष्ट मात्र निराळी आहे. शरीर झिजत असते, घरचे चिंतेने व्याकूळ झालेले असतात आणि ज्याला रोग जडला तो शांतपणे म्हणतो, ‘मला काही झालेले नाही.’ हे नेहमीच खोटे बोलणे नसते. आपण आजारी आहोत हे न उमगणे, हे पुष्कळदा या रोगाचेच लक्षण असते.

१८७३ मध्ये लंडनचे सर विल्यम गल आणि पॅरिसचे शार्ल लासेग या दोन वैद्यांनी या रोगाचे स्वतंत्रपणे वर्णन केले. ‘ॲनोरेक्सिया नर्व्होसा’ हे नाव गल यांचे. रुग्णाला आपल्या स्थितीची खंत वाटत नाही, उलट ती त्यात समाधानी असते, हे लासेग यांनी त्याच वेळी नोंदवून ठेवले. गल यांच्याकडे १८६६ मध्ये आलेल्या १७ वर्षांच्या मुलीचे वजन जेमतेम ३७ किलो होते, तरीही तिची धावपळ थांबत नव्हती. नियमित आहार आणि देखरेख यांमुळे दोन वर्षांत ते सुमारे ५८ किलोंवर आले. म्हणजे रोगाचे वर्णन जितके जुने, तितकाच तो बरा होतो हा अनुभवही जुना आहे.

१९७९ मध्ये जेराल्ड रसेल यांनी ‘बुलिमिया नर्व्होसा’ या दुसऱ्या विकाराचे वर्णन केले. यात रुग्ण एका बैठकीत बेसुमार खातो आणि मग ओकारी काढून किंवा रेचके घेऊन ते भरून काढू पाहतो. वजन बहुधा साधारणच राहते, म्हणून घरात कोणाला संशय येत नाही. येथे जाणीव असते, पण लाजेपोटी ती दडवली जाते.

ही जाणीव का हरपते? १९४४-४५ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांवर त्यांच्या संमतीने एक प्रयोग केला. २४ आठवडे त्यांना अपुरा आहार दिला. त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांश घटले. त्यांच्या मनात अहोरात्र अन्नाचेच विचार घोळू लागले, काहीजण पाककृतींची पुस्तके जमवू लागले. चिडचिड, उदासी आणि एकलकोंडेपणा वाढला. उपासमार मनालाही ग्रासते, हे यातून दिसले. म्हणूनच ‘आधी पटू दे, मग खाईल’ असे म्हणत थांबणे धोक्याचे आहे. पुष्कळदा पोषण सुधारल्यावरच विचार निवळतो आणि जाणीव परत येते.

उशिराची किंमत मोठी असते. अमेरिकन गायिका कॅरेन कार्पेंटर यांनी १९८२ मध्ये उपचार घेतले, परंतु ४ फेब्रुवारी १९८३ रोजी वयाच्या ३२ व्या वर्षी हृदय बंद पडून त्यांचा मृत्यू झाला.

आपल्या घरांत या विषयाला आणखी एक बाजू आहे. उपवास, एकाशन, आयंबिल यांचा जेथे आदर होतो, तेथे रोग व्रताच्या आडोशाला लपू शकतो. दोहोंतील भेद मात्र स्पष्ट आहे. तपाला मुदत असते, प्रत्याख्यान असते आणि पारण्याचा आनंद असतो. तपाने इच्छा शमते. रोगात बारीक होण्याची इच्छा दिवसेंदिवस बळावते. पारण्याची भीती वाटणे, पर्व संपले तरी उपवास न संपणे, पंगत टाळणे, जेवणानंतर लगेच स्नानगृहात जाणे, वारंवार वजन करणे, मासिक पाळी थांबणे, यांपैकी काही दिसले तर त्याला तपश्चर्या समजून कौतुक करू नये. ‘किती छान बारीक झालीस!’ हे पाहुण्यांचे वाक्यही जपून उच्चारावे. हा विकार मुलांनाही होतो, हे विसरू नये.

गल यांच्या मते अशा रुग्णाची शुश्रूषा नातलगांकडून नीट होत नसे. शतकानंतर लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात नेमकी उलट वाट चोखाळली गेली. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तेथील अभ्यासात, लहान वयात आजार जडलेल्या आणि तो फार जुना न झालेल्या रुग्णांना कुटुंबाला सोबत घेऊन केलेल्या उपचारांचा अधिक लाभ झाल्याचे आढळले. यात आईवडील काही काळ जेवणाची जबाबदारी स्वतःकडे घेतात, दोष मुलीला न देता रोगाला देतात आणि तब्येत सुधारेल तशी ती जबाबदारी तिच्याकडे परत सोपवतात.

मात्र दीर्घ उपासमारीनंतर एकदम भरपूर खाऊ घालू नये. रक्तातील क्षारांचे प्रमाण बिघडून जिवावर बेतू शकते. फॅमिली डॉक्टर, मनोविकारतज्ज्ञ आणि आहारतज्ज्ञ यांच्या सल्ल्यानेच पुढे जावे. शासनाच्या ‘टेलि-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही मार्गदर्शन मिळते.

बरे होणे म्हणजे केवळ काट्यावरचा आकडा वाढणे नव्हे. ‘आज पुन्हा तोच विचार आला’ असे रुग्णाने स्वतःहून सांगणे, हे सुधारणेचे मोठे लक्षण आहे. मधूनमधून घसरण होते, तिने घाबरून जाऊ नये. ज्या घरात हे वाक्य न ओरडता, न हसता ऐकून घेतले जाते, तेथे ते बोलण्याचे धैर्य लवकर येते.