'काही करत नाही तो!'

सकाळी मोती तलावाकडे फिरायला जाणाऱ्या बायकांना हे वाक्य पाठ असतं. समोरून सुसाट येणारा कुत्रा, त्याच्यामागे वीस पावलांवर रमतगमत येणारे मालक, साखळी त्यांच्याच मनगटाला गुंडाळलेली. आणि वर हसत हसत सांगणं, 'घाबरू नका ताई, काही करत नाही तो!' अहो, तुम्हाला तो काही करत नसेल. आमची तर आज पहिलीच भेट आहे ना!

यात गंमत अशी, की मालक खोटं बोलत नसतात. घरात तो खरंच गरीब असतो, लेकरं त्याचे कान ओढतात. पण बाहेर पळणारी मुलगी, डोक्यावर पदर घेतलेली आजी, हातात काठी घेतलेले आजोबा हे सगळं त्याला नवीन असतं. आणि कुत्र्याला भिणाऱ्या बाईचं काय होतं? ती भांडत नाही. दुसऱ्या दिवसापासून रस्ता बदलते, नाहीतर फिरणंच सोडते. डॉक्टरांनी शुगरसाठी रोज चाला म्हणून सांगितलेलं असतं, ते राहतं बाजूला.

आता तर कुत्री सहलीलाही येतात. सुटीत गाडी काढायची, मुलं आणि टायगर दोघांनाही मागे बसवायचं आणि गड गाठायचा. जालन्याहून सोयीचा म्हणजे देवगिरी. पण दौलताबादचा हा किल्ला भारतीय पुरातत्त्व खात्याकडे आहे. संरक्षित स्मारकांसाठीच्या १९५९ च्या नियमांप्रमाणे तिथे देखभालीच्या कामाखेरीज कुठलाही प्राणी आत नेता येत नाही. तिथे साखळी लावली तरी उपयोग नाही. मग तिकीट खिडकीजवळ वाद घालायचा, नाहीतर उन्हात बंद गाडीत कुत्र्याला ठेवायचं? बंद गाडी थोड्या वेळात भट्टीसारखी तापते, कुत्रं त्यात जिवानिशी जाऊ शकतं. अशा सहलीला त्याला घरी ठेवलेलंच बरं.

अभयारण्यांचंही तसंच. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा दोर लावून चढणाऱ्यांचं आवडतं ठिकाण, पण तो कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात आहे. पाळीव कुत्रा तिथे पाहुणा नसतो, बिबट्याचं भक्ष्य असतो. शिवाय तो रोगही नेऊ शकतो. २०१८ साली गीरमध्ये वीसहून जास्त सिंह दगावले, तेव्हा तपासात कॅनाइन डिस्टेंपरचा विषाणू सापडला. हा आजार कुत्र्यांमध्ये नेहमी आढळणारा.

हल्ली आपली मुलंमुली शिबिरात कडे चढायला शिकतात. जालन्याच्या सपाटीवर कडा कुठला, त्यासाठी सह्याद्रीच गाठायचा. अशा कड्याखाली मोकळा कुत्रा किती घोळ घालतो, हे घरबसल्या लक्षात येत नाही. वर चढणाऱ्या मुलीचा जीव खाली दोर धरून उभ्या असलेल्या माणसाच्या हातात असतो. त्याची नजर वर, दोन्ही हात दोरावर. अशात कुत्रं पायात आलं, अंगावर उडी मारली, तर तो हात सोडून त्याला हाकलूही शकत नाही. आणि मुलगी? रस्त्यावर निदान पळता येतं, दोराला लटकलेलं असताना कुठे पळणार?

वरून 'दोर सोड', 'दोर ओढ' अशा हाका येत असतात, त्या भुंकण्यात बुडतात. दोरावरून मातीचे पाय घेऊन कुत्रं गेलं की बारीक वाळू दोरात शिरते आणि दोर आतून झिजतो. वरून सुटलेला दगड खालच्या कुत्र्यालाही लागतो, ते वेगळंच. म्हणून साखळी घालूनसुद्धा कुत्र्याला कड्याच्या पायथ्याशी बांधायचं नाही. दोर धरणाऱ्याच्या कंबरेला तर मुळीच नाही. लांब, सावलीत, पाण्याजवळ बांधायचं आणि एक माणूस त्याच्याशेजारी बसवायचा. तेवढी माणसं नसतील तर त्याला नेऊच नये.

परदेशात हे सगळं फार कडक आहे. अमेरिकेतलं जोशुआ ट्री राष्ट्रीय उद्यान कडे चढणाऱ्यांची पंढरीच म्हणा ना! तिथे कुत्र्याचा पट्टा सहा फुटांपेक्षा लांब चालत नाही. पायवाटांवर तर साखळीसकटही त्याला मनाई आहे.

आपल्याकडे नियम नाहीत असं नाही. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने सार्वजनिक जागी कुत्रा पट्ट्यानेच न्या, असं सांगून ठेवलंय. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ प्रमाणे, आपल्या जनावरापासून माणसाला धोका असताना काळजी घेतली नाही, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पण सकाळी सकाळी फिरायला निघालेली कोणती बाई कलम सांगत बसणार? 'भाऊ, जरा साखळी लावा ना' एवढं मात्र मोठ्याने म्हणायला हरकत नाही. दोघीतिघी असलात तर आणखी बरं.

चावलंच तर हळद, चुना, मिरचीपूड काही लावत बसू नका. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा, आणि लगेच सरकारी दवाखाना गाठा. मालकाने 'लस दिलेली आहे' म्हटलं तरी जा. जखम खोल असेल, रक्त आलं असेल, तर नुसतं इंजेक्शन पुरत नाही. जखमेत सीरम भरावं लागतं, ते आहे का हे तिथे विचारून घ्या.

आणि घरात कुत्रं असणाऱ्या मैत्रिणींनो, साखळी नेमकी कुणाच्या हातात असते? बहुतेक घरांत कुत्रं आणतात नवरा नाहीतर मुलगा, आणि दुसऱ्या महिन्यापासून फिरवायला नेते आई. नाहीतर दहा वर्षांचं लेकरू. मोठा लॅब्रेडॉर तीस किलोच्या घरात जातो. मांजर दिसल्यावर त्याने हिसका दिला तर लेकरू फरफटत जाईल. जो त्याला उभ्या जागी आवरू शकतो, त्यानेच त्याला बाहेर न्यावं. वाजणाऱ्या लोखंडी साखळीपेक्षा रुंद कापडी पट्टा घ्या, हाताला कापत नाही. आणि कचऱ्याची एक पिशवी त्याच पट्ट्याला बांधून ठेवा. ती कशासाठी, ते गांधी चमनला चपला घालून फिरणाऱ्या कुणालाही विचारा!