खुर्ची उलटल्यानंतर

डिसेंबर 2001 च्या अखेरीस, साठावा वाढदिवस अगदी तोंडावर आला असताना, विख्यात भौतिकशास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग यांची विजेवर चालणारी चाकाची खुर्ची केंब्रिजमध्ये एका भिंतीवर आदळली. खुब्याचे हाड मोडले. तरीही जानेवारीत त्यांच्या सन्मानार्थ भरलेल्या परिषदेला ते उपस्थित राहिले आणि ‘भिंतीशी माझा वाद झाला, त्यात भिंत जिंकली’ अशा अर्थाचे विनोदी निवेदन त्यांनी केले. त्याआधी 1991 मध्येही, त्याच नगरीत रस्ता ओलांडताना मोटारीच्या धडकेने त्यांचा हात मोडला होता. खुर्ची वेगाने चालवण्याबद्दल त्यांची ख्यातीच होती. दोन्ही अपघातांनंतर ते पुन्हा कामावर गेले, आणि खुर्चीतूनच गेले.

व्यापारी घरातील तरुण मोटारसायकलवरून पडला, तर प्लास्टर निघताच गाडीची किल्ली पुन्हा त्याच्या हाती येते. चार दिवस रागावणे होते, एवढेच. परंतु खुर्चीतून पेढीवर येणारा मुलगा दुकानासमोरच्या उतरणीवर एकदा कोसळला, की घराचा निर्णय निराळा असतो. ‘आता तू येऊ नकोस, वह्या घरी पाठवतो.’ हे मायेपोटीच म्हटले जाते. पण त्याचे गिऱ्हाईक, गल्ल्यावरची जागा, बाजारातील ओळख हे सारे त्या एका वाक्यात बंद होते, आणि ज्या उतरणीने त्याला पाडले ती तशीच राहते.

खरी चिंता पडल्यानंतरच्या पहिल्या काही तासांची करावयास हवी. माणूस पडलेला दिसताच भोवतालचे चौघे धावतात आणि काखेत हात घालून त्याला ओढू लागतात. ही घाई घातक ठरते. डोक्याला वा मानेला मार लागल्याची शंका असेल तर त्याला मुळीच हलवू नये. 108 वर रुग्णवाहिका बोलवावी. एरवी प्रथम त्यालाच विचारावे : कुठे लागले, कसे उचलायचे? खुर्ची उचलताना तिचे हात किंवा पावले धरू नयेत, ती पुष्कळदा सुटी निघतात.

मज्जारज्जूला इजा झालेल्या व्यक्तीच्या बाबतीत आणखी एक सूक्ष्म धोका असतो. शरीराचा भार पायांवर न पडल्याने तिथली हाडे वर्षानुवर्षे विरळ होत जातात. गुडघ्याच्या आसपासचे हाड साध्या पडण्यानेही मोडू शकते. आणि संवेदना नसल्याने ते दुखत नाही! हॉकिंग यांचा आजार वेगळा होता. त्यांची संवेदना शाबूत होती. येथे मात्र हसत-बोलत खुर्चीत परत बसलेल्या माणसाचा पाय मोडलेला असू शकतो. पायाला सूज, ऊब वा वाकडेपणा आला, झटके अकस्मात वाढले, तर वेदनेची वाट न पाहता क्ष-किरण तपासणी करून घ्यावी. त्वचेवरील खरचटही रोज पाहावी. तिथे जखम चिघळली तरी कळत नाही.

इजा छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीवर किंवा त्याहून वर असेल, तर असे न जाणवलेले दुखणे रक्तदाबाच्या रूपाने प्रकट होते. ठणकणारी डोकेदुखी, लालबुंद चेहरा, घाम. अशा वेळी आडवे निजवण्याची सवय सोडावी. मानेला इजा नसेल तर बसते करावे, कपडे सैल करावेत, लघवीची नळी दुमडली का ते पाहावे आणि तातडीने रुग्णालय गाठावे.

खुर्ची का उलटली हेही शोधावे. कधी पाठीला लटकवलेली जड पिशवी तिला मागे खेचते, कधी पुढची लहान चाके फरशीच्या फटीत अडकतात, कधी पलंगावर सरकताना ब्रेक लावायचा राहून जातो. दुकानांपुढे मात्र बहुधा दोष फळीचा असतो. एक फूट चढासाठी बारा फूट लांबीचा उतार, असे रूढ प्रमाण आहे. आठ इंचांच्या पायरीला आठ फूट हवेत. प्रत्यक्षात तिथे तीन फुटांचा पत्रा टेकवलेला असतो. पुढे रस्ता असल्याने जागा नाही, ही अडचण खरी. तेव्हा उतार भिंतीलगत वळवावा किंवा काही भाग दुकानाच्या आत घ्यावा. त्यासाठी काचेचे एखादे कपाट हलवावे लागेल. कोणते हलवायचे, ते खुर्चीत बसणाऱ्याला विचारूनच ठरवावे.