दोन हॉर्न, तीन डेसिबल

मुलीनं स्टिअरिंगवरचं बटण दाबून धरलं आणि मी जाळीतून हात घालून मीटरची एक पिन हॉर्नच्या टर्मिनलला, दुसरी हॉर्नच्याच पत्र्याला टेकवली. आकडा आला ९.८ व्होल्ट. इंजिन चालू होतं आणि बॅटरीवर त्या वेळी १३.९ व्होल्ट होते. जेमतेम चार-पाच मीटरची वाट, आणि तेवढ्यात चार व्होल्ट गळून जात होते. बारा व्होल्टचा हॉर्न दहावरही पोचत नव्हता. त्याचा आवाज बसणारच.

आम्ही पडेगावला राहतो. छावणी मागे टाकून धुळे रस्त्याला लागलं की वेरूळ-दौलताबादच्या पर्यटकांच्या गाड्या, कन्नडकडून येणारे ट्रक, एसटी, ट्रॅक्टर आणि शाळेच्या रिक्षा हे सगळं एकाच रस्त्यावर येतं. मागच्या उन्हाळ्यात मिटमिट्याजवळ एक टेम्पो रिव्हर्स येत होता. मी बटण दाबून धरलं, तरी त्याला ऐकूच गेलं नाही आणि माझा हेडलाइट फुटला. खाली उतरून तो म्हणाला, "दादा, हॉर्न तरी द्यायचा!" त्याचा स्वर खरा होता. त्याच्या कानापर्यंत काहीच पोचलं नव्हतं.

मग शहरातल्या एका दुकानातून मी मोठ्या आवाजाची जोडी बसवून घेतली. त्यांनी जुन्या हॉर्नचीच वायर तोडून दोन्ही नवे हॉर्न तिला जोडले. आठवडाभरात फ्यूज उडाला, बदलला, पुन्हा उडाला. शेवटी ओळखीच्या एका म्हाताऱ्या वायरमन चाचांना गाडी दाखवली. त्यांनी नव्या हॉर्नकडे पाहिलंही नाही. जुना हॉर्न परत जोडला, एकदा वाजवून ऐकला आणि म्हणाले, "हॉर्न मरेल नाही साहेब, करंट मरेल हाये. आधी तो शोधा." त्यांच्या त्या एका वाक्यावरून मी मीटर हातात घेतला, आणि पुढचं सगळं काम घरच्या अंगणात झालं.

गाडीचा हॉर्न हा शाळेतल्या विजेच्या घंटेचाच भाऊ. आत तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं आणि समोर पोलादी पडदा. वीज आली की वेटोळ्याचं चुंबक होतं आणि ते पडद्याला जोडलेला लोखंडी तुकडा ओढून घेतं. ओढला जाता जाता तोच तुकडा आतली एक पट्टी ढकलतो आणि विजेची वाट तोडतो. चुंबक मेलं, पडदा स्वतःच्या ताणानं मागे आला, पट्टी पुन्हा टेकली, वीज पुन्हा वाहिली. हे सेकंदाला चारशेच्या वर वेळा घडतं, आणि त्याचाच सूर आपण ऐकतो. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अमेरिकेत मिलर रीस हचिसन यांनी जो 'क्लॅक्सन' काढला, त्यात मोटारीवर फिरणारं दातेरी चाक पडद्याला खरवडायचं. चाक गेलं, पडदा मात्र आजही आहे. त्याआधी आणि त्यानंतरही बरीच वर्षं आपल्याकडे हाताने दाबायचा रबरी भोंगा होता. जुन्या एसटीच्या ड्रायव्हरच्या खिडकीशी तो पाहिलेले लोक अजून आहेत.

आता यात व्होल्ट कमी पडले की काय होतं? चुंबकाची ओढ विजेच्या प्रवाहावर ठरते. प्रवाह कमी झाला की पडदा पुरता हलत नाही आणि आवाज घोगरा निघतो. माझ्या हॉर्नमधून सुमारे चार अँपिअर प्रवाह जात होता. चार अँपिअरला चार व्होल्ट गळती म्हणजे ओहमच्या नियमानं वाटेत कुठंतरी एक ओहमचा अडथळा. एक ओहम ऐकायला किरकोळ वाटतं, पण ज्या हॉर्नचा स्वतःचा अडथळाच अडीच ओहमच्या आसपास, त्याच्या वाटेत एक ओहम म्हणजे चौथ्या हिश्शाहून जास्त लूट आहे.

तो ओहम मी तुकड्या-तुकड्यानं शोधला. मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसला, दुसरी हॉर्नच्या पत्र्याला, आणि मुलगी बटणावर. खरं तर इथं शून्याच्या जवळ काहीतरी दिसायला हवं, कारण गाडीचा सगळा सांगाडा हीच मायनसची वायर असते. दिसलं २.६. हॉर्न ज्या बोल्टनं सांगाड्याला कसलेला होता, तिथं आठ पावसाळ्यांचा गंज बसला होता. बोल्ट काढला, पत्रा पॉलिश पेपरनं चकचकीत घासला, पुन्हा कसला आणि वरून ग्रीसचा हात फिरवला. हॉर्नवरचा आकडा १२.२ वर गेला. एक रुपयाही खर्च न होता आवाज इतका खुलला की मुलगी गाडीतून ओरडली, "बाबा, झाला की!"

इथं थांबलो असतो तरी चाललं असतं, आणि ज्यांच्या गाडीचा हॉर्न मलूल झालाय त्यांनी आधी एवढंच करून पाहावं. पण नवी जोडी घरात पडून होती आणि मनात प्रश्न होता की तिच्यानं नेमकं किती जास्त ऐकू जाणार? खोक्यावर ठळक अक्षरांत ११८ डेसिबल छापलं होतं.

हा आकडा फसवा नाही, पण तो कुठून मोजला ते पाहावं लागतं. सुटा हॉर्न साधारणपणे दोन मीटरवरून मोजतात. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की ध्वनी सहा डेसिबलनं उतरतो. म्हणजे दोन मीटरवरचे ११८ हे सात मीटरवर सुमारे १०७, चौदावर १०१ आणि अठ्ठावीसवर ९५. गाडीत बसवल्यावर समोर सात मीटरवर ९३ ते ११२ डेसिबल, ही आपल्याकडच्या मानकाची चौकट आहे. खोक्यावरचे ११८ आणि नियमातले ११२ शेजारी-शेजारी ठेवून घाबरणारे आणि फुशारणारे, दोघंही वेगवेगळ्या अंतरांची तुलना करत असतात.

दुसरी गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. एका हॉर्नला तसाच दुसरा जोडला तर आवाज दुप्पट होत नाही. ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते, पण डेसिबल फक्त तीन वाढतात, आणि तीन डेसिबलचा फरक कानाला जेमतेम कळतो. ऐकणाऱ्याला "हा दुप्पट मोठा आहे" असं वाटायला साधारण दहा डेसिबल लागतात, म्हणजे तसेच दहा हॉर्न. लक्षावधी वर्षांत घडलेला आपला कान पानांची सळसळ आणि ढगांचा गडगडाट एकाच पट्टीवर मावतील अशी दाबून मोजणी करतो. आवाज वाढवण्याची स्पर्धा म्हणूनच फार महाग पडते. दर पावलाला ऊर्जा दसपट ओतायची आणि पदरात दुप्पट घ्यायचं.

मग जोडी का? कारण खरी गंमत मोठेपणात नाही, सुरात आहे. जुना चपटा चकतीचा हॉर्न कर्कश असतो. त्याच्या आत लोखंडी तुकडा दर फेरीला गाभ्यावर आपटतो आणि पुढची चकती दोन-तीन हजार हर्ट्झच्या पट्ट्यात किंचाळते. आपल्या कानाची नळी सुमारे अडीच सेंटिमीटर लांब, एका टोकाला बंद, म्हणून ती तीन-साडेतीन हजार हर्ट्झच्या आसपास घुमते; तो आवाज आपल्याला सर्वांत आधी टोचतो. पण इतक्या उंच सुराची लाट फक्त दहा-अकरा सेंटिमीटरची असते. ती बंपरच्या, ट्रकच्या मागच्या फाळक्याच्या आड अडते, आणि बंद काच तर तिला जवळजवळ गिळूनच टाकते. ४२० हर्ट्झची लाट ऐंशी सेंटिमीटरची. ती कडेवरून वळते आणि काचेतूनही तुलनेनं जास्त आत शिरते. मात्र डिझेल इंजिनची घरघरही खालच्याच पट्ट्यातली, त्यामुळे नुसता खर्जाचा सूर तिच्यात बुडतो. म्हणून एक हॉर्न खालचा, एक वरचा. माझ्या जोडीवर ४२० आणि ५०० असे आकडे होते. हे दोन्ही शंखाच्या आकाराचे. त्यात पडद्यासमोर हवेची लांब, रुंद होत जाणारी नळी असते, फक्त तुतारीसारखी बाहेर न काढता गुंडाळून ठेवलेली. या नळीमुळे पडद्याची थरथर बाहेरच्या हवेला नीट सोपवली जाते आणि आवाज कर्कश न होता भरीव होतो.

बसवण्याचं काम अर्ध्या दिवसाचं. आधी दहा नंबरच्या पान्यानं बॅटरीचा मायनस सोडवला. स्टिअरिंगला हात लावला नाही. तिथं एअरबॅग असते आणि ते घरी उघडायचं ठिकाण नव्हे. जुन्या हॉर्नला येणारी वायर आता हॉर्न वाजवणार नव्हती, फक्त रिलेला हुकूम देणार होती. रिले म्हणजे विजेनं दाबलं जाणारं बटण. त्याच्या चार पायांवर आकडे असतात. ८५ आणि ८६ ही त्याच्या वेटोळ्याची टोकं, त्यातून जेमतेम ०.१५ अँपिअर वाहतो. ३० ला बॅटरीकडून येणारी जाड वायर, आणि ८७ वरून दोन्ही हॉर्न. दुकानदारानं नेमकं हेच टाळलं होतं. प्रत्येकी पाच अँपिअरचे दोन हॉर्न त्यानं दहा अँपिअरच्या फ्यूजवर आणि पाऊण चौरस मिलिमीटरच्या वायरवर टांगले होते. फ्यूज उडाला हे त्याचं चोख काम होतं. नाहीतर वायर तापली असती.

मी अडीच चौरस मिलिमीटरची वायर घेतली आणि बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरावरच पंधरा अँपिअरचा फ्यूज बसवला. अंतर महत्त्वाचं, कारण फ्यूजच्या अलीकडची वायर कुठं घासून पत्र्याला टेकली तर लहान गाडीची बॅटरीही शेकडो अँपिअर ओतू शकते. शंखांची तोंडं खाली वळवली, पावसाचं पाणी आत साठू नये म्हणून. सोबत आलेली पोलादी पट्टी न वापरता हॉर्न थेट सांगाड्याला कसायचा मोह झाला होता. ती पट्टी स्प्रिंगचं काम करते. ती काढली की हॉर्नची थरथर गाडीच्या पत्र्यात जिरते. पहिल्या खेपेला एक शंख रेडिएटरच्या चौकटीला टेकला होता आणि आवाज फाटका येत होता. बोटभर जागा करून दिली आणि तो सुटला.

तपासताना मी कानात फोमचे बोळे घातले होते. कापसानं फारसं काही अडत नाही. दोन मीटरवर ११८ असलेला हॉर्न अर्ध्या मीटरवर १३० कडे जातो, आणि बोनेटवर वाकलेल्या माणसाचं डोकं तेवढ्याच अंतरावर असतं. मीटरनं दोन्ही हॉर्नवर १३.४ दाखवलं.

एक सीमा मी आधीच आखून घेतली होती. ट्रकवर दिसणारे हवेच्या दाबाचे प्रेशर हॉर्न, किंवा एकामागून एक वेगळे सूर काढणारे हॉर्न, केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ च्या ११९ व्या नियमात बसत नाहीत. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्या भोवतीच्या १०० मीटरच्या शांतता क्षेत्रात आणि रात्री १० ते सकाळी ६ वस्तीत हॉर्न वाजवायचाच नाही. विनाकारण वाजवला तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्यांदा १,००० आणि पुन्हा २,००० रुपये दंड आहे. जानेवारी २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी एक प्रयोग लोकांसमोर आणला होता. सिग्नलवर थांबलेल्यांच्या हॉर्नचा गोंगाट ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल दिवा पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचा. मला तो फार आवडला, कारण लाल दिव्यासमोरच्या हॉर्नला कुणाचाच कान हवा नसतो. माझा हॉर्न मला रिव्हर्स येणाऱ्या त्या टेम्पोसाठी हवा होता, आणि दौलताबादच्या दिल्ली दरवाजासारख्या चिंचोळ्या वळणावर, जिथं पलीकडचं दिसत नाही.

२०२१ च्या ऑक्टोबरात नाशिकला नितीन गडकरींनी बासरी, तबला, हार्मोनियम अशा वाद्यांचे आवाज हॉर्नला द्यायचा विचार बोलून दाखवला होता. बासरीबद्दल मला शंका वाटते. तिचा सूर जवळजवळ एकेरी, वरचे स्वरांश थोडे. ट्रकच्या घरघरीत तो विरेल. हार्मोनियमचं मात्र निराळं आहे.

काम संपल्यावर मुलीनं स्वतःची पेटी ओसरीवर आणली. मी एकेक हॉर्नचा प्लग काढून दुसरा क्षणभर वाजवला आणि ती पट्टी शोधत गेली. खालचा हॉर्न काळी चारच्या किंचित वर निघाला, वरचा पांढरी सातच्या किंचित वर. मग दोन्ही प्लग लावले, एकदाच बटण दाबलं, आणि तिनं काळी चारला सा धरून मान वर केली. "बाबा, हा तर कोमल गंधार."