चढण्यापूर्वीं उतरणीचा विचार

पर्वतारोहण म्हटलें म्हणजे बर्फ, दोर आणि कुऱ्हाडी यांचें चित्र डोळ्यांपुढें उभें राहतें. परंतु याहून साधा असा एक प्रकार आहे. पाठीवर शिधा व अंथरूण घेऊन डोंगरांतून पायीं हिंडावें, आणि वाटेंत एखादें खडकाळ शिखर लागलें म्हणजे हातापायांच्या आधारानें तें चढून जावें, असा तो प्रकार होय. यांत बहुधा दोर नसतो, म्हणून तो सोपा वाटतो. पण दोर नसल्यामुळेंच येथें एका चुकीची किंमत फार मोठी पडते.

अमेरिकेंतील कॅलिफोर्निया संस्थानांत सिएरा नेवाडा नांवाची पर्वतराजी आहे. तींतील माउंट रिटर हें शिखर १३,००० फुटांहून उंच आहे. १८७२ सालच्या ऑक्टोबर महिन्यांत जॉन म्यूर हा निसर्गाभ्यासक त्यावर एकटाच चढला. त्यापूर्वीं तेथें कोणी पोंचल्याची नोंद नाहीं. बरोबरच्या चित्रकारांना मागें ठेवून तो निघाला. पांघरूणहि त्यानें घेतलें नाहीं. रात्र त्यानें खुरट्या पाइन वृक्षांच्या आडोशाला शेकोटीपाशीं काढली. दुसरे दिवशीं कड्यावरील कांहीं अवघड जागा ओलांडल्यावर त्याच्या ध्यानांत आलें कीं, आतां याच वाटेनें उतरणें हें चढण्याहून घातक आहे. म्हणून तो वर जात राहिला, आणि कड्याच्या मध्यावर असा अडकला कीं, दोन्ही हात पसरून खडकाला चिकटलेला असतां त्याला ना वर सरकतां येईना, ना खालीं. कांहीं वेळानें मन स्थिर झालें, पुढची वाट दिसूं लागली, आणि तो सुखरूप माथ्यावर पोंचला. उतरतांना मात्र त्यानें दुसरी बाजू धरली.

चढण्यापेक्षां उतरणें कठीण कां व्हावें? चढतांना हातांनीं धरावयाचा आधार डोळ्यांसमोर असतो. उतरतांना पाय कोठें टेकावयाचा ती जागा स्वतःच्याच शरीराआड लपते. शिवाय तोंवर दिवस कलतो, अंग थकतें, आणि शिखर गांठल्याच्या आनंदांत सावधपणा सुटतो.

त्यांतच उंचावरील खडक दिसतो तितका विश्वासू नसतो. दिवसा भेगांत शिरलेलें पाणी रात्रीं गोठतें, आणि गोठतांना त्याचें आकारमान सुमारें ९ टक्क्यांनीं वाढतें. ही बर्फाची पाचर खडक फोडते. पण फुटलेला धोंडा पुष्कळदां जागच्या जागींच राहतो. पुढच्याच्या पायानें तो सुटला, तर मागच्याच्या डोक्यावर येतो.

म्हणून जाणते लोक कांहीं नियम पाळतात. दोन हात व दोन पाय यांपैकीं तीन नेहमीं खडकावर ठेवून चौथा हलवावा. आधार धरण्यापूर्वीं तो ठोकून पाहावा. एकाच्या बरोबर खालीं दुसऱ्यानें चढूं नये. अधूनमधून मागें वळून वाट पाहून ठेवावी, कारण तीच वाट वरून निराळी दिसते. परतण्याची वेळ पायथ्याशींच ठरवावी व ती पाळावी. आणि जें उतरतां येणार नाहीं, तें चढूं नये.

म्यूर त्या दिवशीं वांचला. पुढें १८९२ सालीं स्थापन झालेल्या सिएरा क्लब या संस्थेचा तो पहिला अध्यक्ष झाला, आणि त्या पर्वतांतील अरण्यांच्या रक्षणासाठीं त्यानें आयुष्य वेंचलें. अर्ध्या वाटेवरून परतणाऱ्याला कोणी भित्रा म्हणेल. पण शिखर पुढच्या वर्षींहि तेथेंच असतें, आणि घरीं वाट पाहणाऱ्यांना हवा असतो तो परत आलेला माणूस.